कान चांगलं निघालं

…आणि वर त्यो डाक्टर हासून म्हणतोय कसा, "अभिनंदन पिराजीराव, कान उत्तम आहेत!" अभिनंदन? आवं, माणूस कान तपासाय जातोय कशाला? बिघडलाय असं कुणीतरी लिवून द्यावं म्हणून की! बसा, बसा त्या पोत्यावर, लाईट आल्याबिगार गिरणी काय चालू हुत न्हाय, तवर ऐका… तुमास्नी सांगतो पावणं, संसारात ज्याचं कान बिघडलं त्यो सुटला. माझं कान चांगलं निघालं आणि मी मेलो!

आता गेलतो कशाला, तर चटणीपायी. त्यो कोपऱ्यातला डंक बघा, मिरची कांडायचा. उन्हाळ्यात त्यो धबाधबा सुरू झाला की हितं कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय, माणसं हातानं बोलत्यात. बायडा, आमची मालकीण, डंकाला चिकटून बसती, कुणाची मिरची, कुणाचा मसाला त्ये बघती, आणि मी टाकतो. त्या दिवशी राजमतीअक्कांची मिरची. जैनाचं घर, कांदा न्हाय, लसूण न्हाय. शेजारीच कृष्णाताच्या घरच्या लसणाचं ताट. बायडा म्हणली म्हणं, "अक्कांच्यात लसूण न्हाय." एकदा म्हणली, परत म्हणली, मी आपलं "हं हं" केलं… आणि ताट दिलं वतून! अख्खं! दुसऱ्या दिवशी अक्का डबा घेऊन दारात. झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. "ओ पिराजी, वर्साची चटणी रे माझी! तुझ्या बायकोचा आवाज पार बोळाच्या तोंडापतूर येतोय, तुला हातभरावरनं ऐकू येत न्हाय?" आणि मागनं कृष्णात बोंबलतोय, "आमचा लसूण कुटं गेला लका?"

तवा मी पयल्यांदा म्हणलो, "अक्का, कानानं घात केला बघा. जल्म गिरणीत गेला." काय सांगू, अक्का हळहळल्या! बायडा तर पार इरघळली. भाकरी वाढताना खांद्याला हात लावून सांगायची, कुणी आलं तर "हळू न्हाय, मोठ्यानं बोला, ह्यास्नी ऐकू येत न्हाय" म्हणायची. बरं चाललंतं की! पर आमचा ल्योक, पृथ्वीराज, त्यो गप बसतोय व्हय? गाडीवर घातला आणि न्हेला डाक्टरकडं. बायडा रिक्षानं मागनं.

तितं एक काचंची खोली. कानात बोंडं घातली. डाक्टर म्हणतोय, "पिराजीराव, कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः बारीकसा आवाजही काढतो. तोच आम्ही मोजतो." म्हणलं, झालं! बायकू पुरत न्हवती, आता कान बी बोलाय लागलं! मग त्यानं ह्या कानात टकटक केलं, त्या कानात सूंऽऽ करून वारं सोडल्यागत आवाज सोडला, आणि मशीनकडं बघून असा खूश झाला, जणू माझं लगीन जमलं! "बघा, उलटा निरोप जातोय! आपल्याला वाटतं, कानाकडून मेंदूकडे बातमी जाते आणि संपलं. पण मेंदूकडूनही आतल्या कानाकडे नसा येतात. गोंगाट वाढला की मेंदू खाली निरोप धाडतो, जरा आवरतं घे. त्यामुळे गोंगाटातही हवा तो आवाज वेगळा काढता येतो. तुमच्यात तर हे काम झकास चाललंय!"

कान चांगलं हायत!

आणि शेजारी कोण बसलंतं? बायडा. डाक्टरच्या तोंडाकडं टक लावून बसलेली. तिनं सरळ इचारलं, "म्हंजे माझा आवाज दाबून टाक, असं ह्यांच्या मेंदूनंच कानाला सांगितलंया?" डाक्टर गडबडला. "नाही हो वहिनी, असं माणूस निवडून नाही दाबत… लक्ष कुठं आहे त्यानं थोडाफार फरक पडतो, इतकंच." लक्ष! झालं! एवढा शिकलेला माणूस, एक शबुद गिळता आला न्हाय?

त्या दिवसापासनं बायडा गप्प. भांडण न्हाय, आदळआपट न्हाय. जेवाण वेळेवर, चा वेळेवर, तोंडातनं अक्षर न्हाय. तुमास्नी सांगतो, कान चांगलं असल्याचा तरास काय असतोय त्यो मला तवा कळला. मोरीतला नळ ठिबकतोय, ऐकू येतंया. शेजारची धोंडुबाई सुनंला टोमणं मारतीया, ऐकू येतंया. पृथ्वीराज जिन्यात उभा राहून मोबाईलवर कुणाला तरी "जेवलीस का" म्हणतोय, त्ये बी ऐकू येतंया! फकस्त जिनं बोलाय पायजे ती बोलंना. घर खायला उठलं हो…

शेवटी एक दिवशी मी डंक बंद केला. ऐन गर्दीत! बाया रांगेत, मिरच्या पाट्यांत, सगळ्या बघाय लागल्या ह्याला काय झालं म्हणून. बायडाच्या म्होरं जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणलो, "सांग की. लसणाचं सोड, त्याच्या आधीचं. तू काय काय सांगत हुतीस, त्ये सांग." ती माझ्याकडं बघत राह्यली. डोळ्याकडं न्हाय पावणं, ओठांकडं. मी परत म्हणलो. मग बोलली, न्हेमी बोलती तशी, दांडग्या आवाजात… "आवं, दिवाळीपासनं त्येच सांगतीया की! मला ऐकू येईना झालंया. कानात शिट्टी वाजती रातध्याड. मला त्या डंकाजवळनं उठवा."

…जरा पाणी द्या हो तांब्यातलं.

आमी म्हणायचो, बायडा लई वरडून बोलती. तिला तिचाच आवाज ऐकू येत न्हवता! आणि गप्प बसली ती रुसून न्हाय हो. तिला वाटलं, ह्याला ऐकू येत असून ह्यो ऐकत न्हाय, मग सांगून उपेग काय?

न्हेली त्याच डाक्टरकडं. तीच खोली, तीच बोंडं. टकटक केलं, सूं केलं… मशीन गप. ह्या टायमाला डाक्टर हासला न्हाय. म्हणला, "आतल्या कानात केसाळ पेशी असतात, मेंदूचा निरोप त्याच घेतात. रोजच्या दणदणाटानं त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. यंत्र लावू, थोडंफार ऐकू येईल. वहिनींचा मेंदू निरोप धाडत असेलही, पण खाली घ्यायला कुणी उरलेलं नाही."

तिच्यात घेणारं कुणी उरलं न्हाय म्हणं… आणि माझ्यात? माझ्यात सगळं जाग्यावर हुतं की! कान चांगलं हायत!

आता तिला डंकापासनं उठवून आत बसवलीया. कानाला यंत्र लावलंया, त्ये कधी शिट्टी मारतंय, कधी गप पडतंय. काल मला म्हणली, "आता तुमीच ऐकत जावा, आणि मला सांगत जावा. दारात कोण आलं, कुकर झाला का, ल्योक काय म्हणतोय." म्हंजे बघा, अख्ख्या संसाराच्या वाट्याला कामाचं कान उरलं दोन, आणि त्ये बी माझं… बोला आता!