मांगराचं आढं

बापूंच्या रघुनाथाने मला आढ्याच्या लाकडात फसवलं. हे पहिलं लिहा मास्तर, नावासकट लिहा, मग बाकीचं सांगते. लोक म्हणतात काशी भांडखोर, काशीच्या तोंडाला लागू नये. असेन मी भांडखोर. पण भांडण कशाचं आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला बसवून घेतलं.

मी लांज्याच्या वरच्या अंगाची. बापूस दुसऱ्याच्या भातात राबायचा, आम्ही पाच बहिणी, मी चौथी. लग्न झालं तेव्हा नवरा मुंबईला गिरणीत होता. लग्नानंतर दोनदा गावी आला, तिसऱ्यांदा त्याची ट्रंक आली. आत दोन सदरे आणि मला घेतलेलं एक लुगडं, घडी न मोडलेलं. दीर म्हणाले आता जमिनीत तुमचं काय, तेव्हा सासू उठली आणि म्हणाली, काशी, उचल गाठोडं, रत्नागिरीला जाऊ. अशी होती म्हातारी. मला मूल नाही, आईबाप राहिले नाहीत, म्हातारी होती तेवढं माझं माणूस.

बापू कचेरीतून पेन्शनीत निघालेले, सासूच्या माहेरगावचे. त्यांच्या परसात विहिरीपलीकडे एक मांगर होता, नारळ आणि गवत ठेवायचा. गुडघ्याएवढा चिरा, वर मातीची भिंत, त्यावर गवत, आणि गवताला अशी भोकं की आत बसून आभाळ दिसावं. बापू म्हणाले, राहा तिथे दोघी. मी म्हटलं, तशी राहत नाही, आज राहा म्हणाल, उद्या तुमची सून म्हणेल निघ. माझं वय तेव्हा वीस-एकवीस, पण तोंड हेच. बापू हसले. पडवीत शेजारचे पाच जण गप्पांना बसले होते, त्यांच्यासमोर त्यांनी शब्द दिला, की काशी, हा मांगर तू उभा राखशील तोवर तुझा, माझ्या मागेही तुझा, पडला तर जागा घराची. मी म्हटलं, लाकूड आणि बांबू कुणी द्यायचे? ते म्हणाले, लाकूड-बांबू आम्ही, गवत आणि मेहनत तुझी. ठरलं.

काय सांगू तुम्हाला, त्या मांगराला मी मुलासारखा वाढवला. लोकांना वाटतं घर एकदा बांधलं की उभं राहतं. आमच्या पावसात काही आपोआप उभं राहत नाही. दर वैशाखात शाकारणी, जुनं काळं गवत उतरायचं, वासे एकेक ठोकून बघायचे, नवं गवत चढवायचं. मेढींच्या, म्हणजे खांबांच्या, बुंध्यांना काजूच्या टरफलांचं तेल, हात सोलून निघायचे त्याने. पावसाच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झापांची झड बांधायची, नाहीतर मातीची भिंत चार दिवसांत विरघळते. भिंतीला लागून लाकडं रचायची नाहीत, वाळवी तिथूनच चढते. आणि चूल रोज पेटली पाहिजे, शिजवायला काही असो नसो, कारण धूर वर गेला की गवतात किडा राहत नाही. उपास असला तरी म्हातारी चुलीत दोन करवंट्या घालायची, म्हणायची मांगराचं जेवण झालं, आता आपण झोपू.

पोटापाण्याला मी आमसुलं धरली. पावस गावाच्या बाजूला बागांतून फिरायचं, घराघरातून आमसुलं उचलायची आणि आगबोटीने मुंबईला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला घालायची. पहिल्या वर्षी मला सगळ्यांनी नागवलं. मग मी शिकले. आमसूल जिभेवर ठेवलं की मीठ किती, ऊन किती दिवसांचं, वजनाला पाणी मारलंय की नाही, सगळं सांगते. व्यापारी माझा माल बघत नसे, माझं तोंड बघायचा. ही जीभ माझी कमाई, आणि हिचाच मला माज होता.

बापू गेले, आणि रघुनाथ मुंबईहून बिऱ्हाड घेऊन घरी आला. गोड माणूस. बापू मला काशी म्हणायचे, हा काशीबाई म्हणे. वर्षभरात मला कळलं की परसात कौलारू खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या त्याच्या मनात आहे, कचेरीत बदलून येणाऱ्यांना जागा हवीच असते. पण पाच जणांपुढचा शब्द. त्याने एकदाच विचारलं, काशीबाई, गावी नाही का जाणार? मी म्हटलं, मांगर पडेल तेव्हा जाईन. तो म्हणाला, बरोबर आहे. एवढंच म्हणाला.

त्या शिमग्याच्या सुमाराला आढं एका टोकाला चिरलेलं दिसलं. टेकू देऊन आणखी चार-पाच पावसाळे निघाले असते. पण मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे लाकूड द्या. आढं म्हणजे छपराचा कणा, ते कच्चं घेऊन चालत नाही. आपल्याकडे लाकूड तोडलं की खाडीच्या चिखलात एक पावसाळा पुरून ठेवतात, खारं पाणी गाभ्यापर्यंत मुरलं की भुंगा शिवत नाही. रघुनाथाने किंजळीचं खोड आणून विहिरीपाशी टाकलं आणि म्हणाला, भाट्याच्या खाडीत मुरवलंय, दिवाळीला काढलं. मी म्हटलं, ऐकून माल घेणारी मी नव्हे. आणि सगळ्यांदेखत वाकून लाकडाच्या दोन्ही टोकांना जीभ लावली.

खारट होतं मास्तर. चांगलं खारट.

शेजारच्या बायका हसल्या, धाकू सुतार करवत घेऊन उभा होता तो मात्र खाली बघत राहिला. रघुनाथही हसला, म्हणाला, लाकूड चाखून घेणारी बाई मुंबईतसुद्धा पाहिली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तो म्हणाला, एवढं लाकूड दिलं, तर विहिरीवरचा जो माड बापूंनी नारळ घ्यायला तुमच्याकडे लावून दिला होता तो सोडा. मी म्हटलं, माड सोडते, पण बारा वासे वर द्या. त्याने लगेच दिले. तिथे मी थांबायला हवं होतं. लगेच देणाऱ्या माणसाला मी बाजारात कधी सोडलं नाही, आणि इथे मी घरी येऊन म्हातारीला सांगितलं, बघा कसे काढले बारा वासे.

दोन वर्षं काही नाही. शाकारणीला वासे ठोकून बघितले, आढं चाखलेलं म्हणून ठोकलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात म्हातारी म्हणू लागली, काशी, वरून पीठ पडतंय गो. तिला नीट दिसायचं नाही. मी वर बघितलं, आढं धुराने काळंभोर, एक भोक दिसेना. मी म्हटलं, पीठ तुमच्या डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी तिने तळहातावर जमवून दाखवलं, बारीक, पिवळसर. मी फुंकून टाकलं. म्हटलं, गवताची धूळ आहे, मी स्वतः चाखून घेतलेलं लाकूड आहे. चिडून म्हटलं. तिचं अंथरूण मीच मधोमध हलवलं होतं, आढ्याखाली, कारण कोपऱ्यांना ओल येते आणि मधली जागा सगळ्यात कोरडी.

श्रावणात सोमवारी दुपारी मी बाजारात होते. निरोप आला तेव्हा मला वाटलं भिंत गेली असेल. आढं मधोमध मोडून छप्पर आत बसलं होतं. म्हातारीला लोकांनी गवतातून ओढून काढली, कमरेपासून खाली जीव राहिला नव्हता. चार दिवस होती. एकदाच बोलली, चूल विझली का गो? मी म्हटलं, नाही, पेटलेली आहे.

बारावं झाल्यावर धाकू सुतार मोडलेलं लाकूड बाजूला करायला आला. त्याने आढं फोडलं तर आत नुसता भुसा. शेवटाकडे थोडा गाभा शाबूत होता, त्याची ढलपी काढून त्याने माझ्या हातात दिली. मी ती जिभेवर ठेवली. अळणी. ताज्या लाकडासारखी अळणी. वरून खारट आणि आत अळणी. ढलपी काढून चाखायला मला तेव्हा काय धाड भरली होती? मग धाकू हळूच म्हणाला, खाडी बघितलेलं लाकूड नव्हे ते. खाऱ्या मासळीच्या पिंपातलं पाणी रघुनाथरावांनी तीन दिवस उन्हात त्याच्यावर ओतवलं, मी म्हटलं होतं त्यांना लाकूड कच्चं आहे म्हणून. तू आढ्याला जीभ लावणार हे त्यांना ठाऊक होतं, बाजारात सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी ती ढलपी घेऊन पडवीत गेले. रघुनाथ पान जमवत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. म्हणाला, म्हातारीचं वाईट झालं. पण काशीबाई, चाखून तुम्हीच घेतलंत ना?

मी त्याचं पानाचं तबक अंगणात फेकलं. तेवढंच लोकांना दिसलं, आणि तेवढंच लोक सांगतात.

आता मांगराच्या जागी तीन कौलारू खोल्या आहेत, धाकूनेच बांधल्या. मी इथे मासळी बाजाराच्या मागे भाड्याच्या पडवीत राहते, आमसुलं अजून चालतात, पण चाखायला मी दुसऱ्या बाईला बसवते. जीभ लावायला नको वाटते मला. ज्या पाच जणांपुढे शब्द झाला त्यातले दोन गेले, तिघे आहेत. मी तिघांकडे गेले. ते म्हणतात, शब्द खरा, पण मांगर पडला तर जागा घराची हाही शब्दच होता. धाकू म्हणतो, काशीबाय, मला पोरंबाळं आहेत, मी चारचौघांत बोलणार नाही.

म्हणून मास्तर, हे बापूंच्या त्याच पडवीत नेऊन वाचा, त्या तिघांना बोलावून वाचा, धाकूला समोर उभा करा, मी खाली पायरीवर बसेन. मला जागा नको, माड नको. मी लाकूड वरवर चाखलं, माझी चूक मी कबूल करते, पाच माणसांत करते. पण पिंपातलं पाणी कुणी ओतवलं ते रघुनाथाने स्वतःच्या तोंडाने सांगावं. माझी म्हातारी त्या आढ्याखाली निजते हे त्याला ठाऊक होतं, रोज विहिरीवरून त्याला आत दिसायचं. रघुनाथा, ती कुणी मारली? बोल. तू बोलेपर्यंत मी तुझ्या पायरीवरून उठत नाही.