पाणी पेल्याशिवाय स्टेजवर नाही

इथं जमलेल्या मायबहिणींनो, भावांनो, व्यायामशाळेतल्या अन् जिममधल्या माह्या पोट्ट्यांनो, सगळ्यायले जयभीम.

तो कूलर बंद करा गा कोणी जरा. गरम होईन, होऊ द्या. माहा गळा बसला आहे, आवाज मागपर्यंत पोहोचणार नाही. अन् आज मले बोलायचं आहे. येताना वाटलं होतं, दोन शब्द बोलू अन् खाली बसू. पण आतापर्यंतची भाषणं ऐकून दोन शब्दात भागन असं वाटत नाही.

मी देवीदास. मोहल्ल्यातली टिनाच्या छपराची जुनी व्यायामशाळा मी सांभाळतो. रितेशचा बाप अन् मी कोराडीले वीज केंद्रात एकाच पाळीत होतो. तो गेला तवा रितेश शाळेत होता. माह्याच व्यायामशाळेत त्यानं पहिला डंबेल उचलला, अन् पायावर पाडून घेतला. मागच्या सोमवारी त्याले मी खांदा दिला. हे उलटं झालं. म्हाताऱ्यानं जायचं असते अन् पोट्ट्यानं खांदा द्यायचा असते.

माह्याआधी जे बोलले, ते म्हणाले नियतीनं घाला घातला. क्रूर काळानं आपला हिरा नेला. मी हात जोडतो, नियतीले मधात आणू नका. नियतीनं रितेशचं मीठ बंद केलं होतं काय? नियतीनं त्याचं पाणी बंद केलं होतं काय? काळानं फोनवरून त्याले गोळी सांगितली होती काय? ज्यायनं केलं त्यायचे नंबर इथं बऱ्याच पोट्ट्यायच्या मोबाइलमध्ये आहेत.

हा माह्यामागचा फ्लेक्स पाहा. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली प्रोटीन पावडरच्या दुकानाची जाहिरात, वर पुढाऱ्यायचे फोटो, अन् मधात रितेश. शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, गाल आत गेलेले, डोळे खोल. मी छापणाऱ्याले विचारलं, हा काहून घेतला गा? तो म्हणाला, काकाजी, याच्याहून भारी फोटो नाही त्याचा. हा फोटो मौद्याकडच्या त्या बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेतला आहे. हा काढला, अन् थोड्याच वेळात पोट्टा गेला. म्हणजे या फोटोत तो मरून राहिला आहे. अन् आपण तोच मोठा करून टांगला, त्याले हार घातला.

दुसरा फोटो नव्हता काय? बहिणीच्या लग्नातला आहे. पंगतीत बसला आहे, पत्रावळीवर जिलेबी, गाल भरलेले, हसून राहिला आहे. तो कोणाले चालला नाही. त्यात कटिंग दिसत नाही.

माह्या मायबहिणीयले कटिंग म्हणजे काय हे माहीत नसन. कातडीखाली मांसाची रेघ न् रेघ दिसली पाहिजे, त्याले हे लोक कटिंग म्हणतात. अन् ती दिसायले कातडीखालचं पाणी काढावं लागते म्हणतात. माणसातलं पाणी काढायचं. कपडे पिळतात तसं.

आमच्या वेळी हे नव्हतं. आता कोणी म्हणन, म्हातारा आपल्या जमान्याचे गोडवे गाऊन राहिला. नाही बाप्पा. आमच्यातही येडे कमी नव्हते. भिजवलेले चणे, ज्वारीची भाकर, केळी, दूध, जमलं त्या दिवशी कलेजी. स्पर्धा जवळ आली का आम्ही काही सोडत नव्हतो, उलटं जास्त खायचो. ज्याची छाती मोठी तो जिंकला, असा सरळ हिशोब होता. माहा एक दोस्त कच्ची अंडी अशी पेयचा का स्पर्धेच्या दिवशी त्याचं अर्धं लक्ष जजकडे अन् अर्धं संडासाकडे. त्यानं पाठ दाखवायची पोज घेतली अन् तसाच पळाला. आम्ही वर्षभर हसलो. पण आम्ही हसलो, समजलं काय? तो दुसऱ्या दिवशी जिवंत होता, म्हणून हसलो.

मंग कोणीतरी कुठलं तरी मासिक आणलं. त्यात गोऱ्या पैलवानायचे फोटो. तवापासून उकडलेलं चिकन सुरू झालं. तेल बंद, भात बंद, अन् स्पर्धेच्या तोंडावर मीठ बंद. ही व्यायामशाळा काढणारे आमचे वस्ताद तवा होते. त्यायले सांगितलं, वस्ताद, मीठ सोडलं का बॉडी खुलते. वस्ताद म्हणाले, 'बैल गवत खाते, तोही मीठ चाटायले गोठ्यात येते गा. तू बैलाहून शहाणा झाला काय?'

त्यानंतर डबे आले. मोठेमोठे पावडरचे डबे. अंड्याचं फक्त पांढरं खायचं, पिवळं फेकायचं. आमच्या गल्लीतले कुत्रे तेवढ्या काळात असे गुटगुटीत झाले का स्पर्धेत उतरवले असते तर पोट्ट्यायले हरवलं असतं. तिथपर्यंतही मी गप्प होतो. म्हटलं, पैसे जाऊन राहिले, जीव तर नाही जाऊन राहिला.

अन् आता? आता वस्तादच नाही. आता फोनमध्ये कोच. तो कुठं राहते माहीत नाही, त्यानं रितेशले कधी हात लावून पाह्यलं नाही. रोज सकाळी चड्डीवरचा फोटो पाठवायचा, अन् तो सांगन, आज एवढं खा, उद्या तेवढं खा. मंग स्पर्धेच्या दोन दिवस आधी पाणी बंद, अन् वरून पाणी काढायची गोळी. आत येऊ द्यायचं नाही, अन् आहे ते काढायचं. एप्रिल महिन्यात. नागपुरात. जिथं आपण रस्त्यारस्त्यानं पाणपोया लावतो, अनोळखी माणसाले थांबवून पाणी पाजतो, तिथं आपण आपल्याच पोट्ट्याले पाणी नाकारलं.

हो, अध्यक्षसाहेब, पाह्यली मी तुमची खूण. आटपतो. पण तुमचंच काम आहे पुढं, थोडं थांबा.

वस्तादाबद्दल एक सांगायचं राहिलं. नवीन पोट्ट्यायले माहीत नाही. वस्ताद लहानपणी ज्या गावात होते, तिथं त्यायले विहिरीले हात लावता येत नव्हता. कोणी वरून ओंजळीत ओतन तवा पाणी. कोणी नसन तर तहान घेऊन घरी जा. मंग छप्पन साली ते आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले आले, अन् घरच्यायसंगं बौद्ध झाले. मोठे झाल्यावर त्यायनं व्यायामशाळा काढली तवा पहिली वस्तू आणली ती लोखंड नाही. माठ आणला. दाराच्या आत, उजव्या हाताले. कोणत्याही जातीचा पोट्टा येवो, आधी त्या माठातलं पाणी त्याच एका ग्लासानं पेयचं, मंग वजनाले हात लावायचा. अन् स्पर्धेच्या दिवशी रांगेत उभं करून स्वतःच्या हातानं प्रत्येकाले ग्लासभर पाणी. पाणी पेल्याशिवाय स्टेजवर नाही. एकदा एक जण म्हणाला, पोट दिसते, नाही पेत. वस्तादानं त्याले घरी पाठवलं. तोच त्या वर्षी जिंकणार होता, हे सगळ्यायले माहीत होतं. तरी पाठवलं.

आम्हाले तवा वाटायचं, म्हाताऱ्याची सनक आहे. आता समजते. ज्याले लोकांनी तहानलेलं ठेवलं, त्याले माहीत होतं का माणसाले पाणी नाकारणं म्हणजे काय असते. आपल्या बापजाद्यायनं पाण्यासाठी मार खाल्ला. अन् आपण त्यायचे नातू, आपण पैसे देऊन फोनवरच्या माणसाकडून शिकलो का पाणी कसं पेयचं नाही.

मी मौद्याकडं नव्हतो. तिथं काय झालं ते मले विक्कीनं सांगितलं. रितेशचा दोस्त विक्की. तो तिकडं मागं, दाराशी उभा आहे. विक्की, बाहेर जाऊ नको. मी तुया बाजूनं बोलून राहिलो, थांब.

स्टेजमागच्या खोलीत रितेश चटईवर झोपला होता, पाय खुर्चीवर वर करून. अंगाले स्टेजवर जायच्या आधी फासतात तो काळा रंग लावलेला. पिंडऱ्या वळून राहिल्या होत्या. ओठ फाटले होते. येणारा-जाणारा डोकावून काय म्हणे? म्हणे, भाऊ, आज तर तू कोरडाठाक झाला. अन् हे कौतुक होतं. या धंद्यात याच्याहून मोठं कौतुक नाही. मायबहिणींनो, तुमच्या दारात असा माणूस पडलेला दिसला तर तुम्ही काय करान? ऑटो बोलवान. तोंडावर पाणी मारान. तिथं सगळे बॉडी समजणारे होते, म्हणून कोणाले समजलं नाही. मरणाऱ्या माणसाले पाहून ते म्हणाले, तयार झाला.

रितेश म्हणाला, 'विक्की, एक घोट दे बे.' विक्की म्हणाला, 'थोडं थांब ना भाऊ. तुया शिरा फाटून राहिल्या. आज आपलीच ट्रॉफी आहे.' रितेश थांबला. गुणी पोट्टा होता, सांगितलेलं ऐकायचा.

ट्रॉफी मिळाली. मंग सत्कार. मंग एक एक पाहुणा येते अन् खांद्यावर हात टाकून फोटो काढते. हा झाला का तो. पोट्टा उभा राहिला, हसत राहिला. शेवटी खाली उतरला अन् ज्या जीपनं गेले होते तिच्याजवळ कोसळला. तवा सगळे बाटल्या घेऊन धावले. तवा साऱ्या मैदानाले आठवलं का माणूस पाणी पेते. पण आता पाणी आत जात नव्हतं, गालावरून वाहून जात होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले, हृदयाची चाल बिघडली.

एक गोष्ट विक्कीनं मले घाटावर सांगितली. सुनंदावहिनीनं, रितेशच्या मायनं, निघताना त्याच्या बॅगेत बाटली टाकली होती. निंबू, मीठ, साखर. ही बाई साऱ्या मोहल्ल्याचे डबे करते. परगावच्या पोरायले गरम पोळी खाऊ घालते, अन् तिचं स्वतःचं लेकरू तिच्याच स्वयंपाकघरात अळणी चिकन चावत बसायचं. तिले राहवलं नाही. तिनं बाटली टाकली. अन् विक्कीनं ती गुपचूप काढून जीपच्या सीटखाली लपवली. दोस्ताचा नियम मोडू नये म्हणून. प्रेमापायी लपवली. तो आठ दिवसांपासून जेवला नाही. घरचे सांगतात, पाणीही धड पेत नाही.

आता अध्यक्षसाहेब, तुमचं. तुम्ही मघाशी जाहीर केलं, दरवर्षी रितेशच्या नावानं स्पर्धा घेऊ. त्याच्या नावाची ट्रॉफी. टाळ्याही वाजल्या, शोकसभेत. मी विचारतो, त्या ट्रॉफीसाठी पुढच्या एप्रिलमध्ये किती पोट्टे तहानलेले झोपतीन? अन् त्यातला एखादा गेला तर मंग त्याच्याही नावाची ट्रॉफी काय? घ्या तुम्ही स्पर्धा. तुमचं मैदान, तुमचा पैसा. पण रितेशचं नाव त्याले लागणार नाही. हे मी बोलून नाही राहिलो. मी कोण? वहिनीनं सांगितलं आहे, म्हणून बोलतो.

काल संध्याकाळी वहिनी व्यायामशाळेत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, 'भाऊजी, वस्तादाचा तो माठ अजून आहे काय?' म्हटलं, आहे जी, पण आता कोणी पेत नाही, सगळे नव्या जिमले जातात. म्हणाल्या, 'मले द्या. उद्या मी भरून आणीन.' म्हटलं, वहिनी, तुम्ही काहून? तर म्हणाल्या, 'माह्या पोराले पाजता नाही आलं. ज्यायले येते त्यायले तरी पाजू द्या.' मी माठ घासून त्यायच्या हातात दिला.

तो माठ इथं आहे. त्या फ्लेक्सखाली, पांढरं फडकं झाकलेला. आज सकाळी वहिनीनं भरला. ग्लास एकच ठेवला आहे, वस्तादाचा.

वहिनीनं अजून एक सांगितलं. त्यांचीच वाक्यं सांगतो, मी जोडत नाही. 'पहिला ग्लास विक्कीले. तो माह्या घरी जेवूनच मोठा झाला. त्याले म्हणा, माय वाट पाहून राहिली.'

विक्की, ये गा समोर. रस्ता द्या त्याले.

बाकी सगळ्यायले विनंती आहे, उभे राहा. रितेशसाठी दोन मिनिटं शांत राहू. अन् मौन सुटल्यावर एकानंही त्या माठाजवळून कोरड्या तोंडानं घरी जाऊ नये. पोट्ट्यांनो, तुम्ही तर नाहीच नाही.

रितेश, बापू, तुले माहा शेवटचा जयभीम.

उभे राहा.