मालकांच्या खिडकीची काच

—नाही नाही, उठू नका मालक, बसा तिथंच. आणि बोलू तर अजिबात नका, जबडा तारेनं बांधलेला असताना कशाला बोलायचं? मी बोलतो, तुम्ही ऐका. अगदीच काही सांगायचं असेल तर ती वही आहेच. मला कुणी पाठवलं? कुणीच नाही. रोज खालून जाताना दिसायचं — खिडकीला पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टी. म्हटलं, आपलं काचेचं दुकान कोपऱ्यावर, आणि या माणसानं पुठ्ठ्याआड बसायचं? पैशाचं नाव काढू नका. मालक म्हटलेलं चालतं ना? अकरा वर्षं दर बुधवारी टीव्हीवर तुम्ही घरमालक, तो भाडेकरू, आता तुमचं खरं नाव कुणाच्या तोंडात बसणार? त्याचं खरं नाव बातम्यांत आलं तेव्हा बायको म्हणाली, हे कोण गेले? म्हटलं, अगं, आपला भाडेकरू गेला! पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

मीही रडलो. लाज कसली त्यात? बाप गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं मी, आणि याच्या अंत्यदर्शनासाठी शटर ओढून सकाळी सातपासून स्टुडिओच्या आवारात उभा. ऊन मी म्हणत होतं. गर्दी ही एवढी, आणि रडायचं कसं ते कुणालाच येईना — हसवणाऱ्या माणसासाठी रडायची सवय कुठं असते? एकानं मध्येच त्याच्यासारखा चोरपावलांनी जिना उतरून दाखवला, दोघंतिघं हसले, लगेच शेजारच्यानं त्याच्या कानफटात दिली. आज हे नको म्हणे. आणि मारल्यावर तो मारणाराच ओक्साबोक्शी रडायला लागला. तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. सगळे नुसते भरलेले होते हो, कुठंतरी फुटायचेच.

जरा पाय वर घ्या, तुकडे आहेत खाली. हां. तर मग तुम्ही आलात. त्याच्यापाशी गेलात, वाकलात, आणि गालावर चापट मारलीत. हळूच, हो हो, मान्य, हळूच! प्रत्येक भागाच्या शेवटी मारायचात, आम्ही पोट धरून हसायचो, तशीच एक शेवटची. तुमच्या घरच्या वहिनींनी नंतर सांगितलं ना टीव्हीवर, की कॅमेरा बंद झाला की तुम्ही दोघं एकमेकांना अश्शीच चापट मारून घरी जायचात. पण ते नंतर. मागच्या रांगेतून काय दिसतं? हात वर गेलेला दिसतो आणि खाली आलेला दिसतो. कुणीतरी ओरडलं, मेलेल्या माणसाला मारतोय! कोण ओरडलं देव जाणे. — मी ओरडलो. बघता काय असे? आवाज ओळखला असेलच तुम्ही.

हाताची पट्टी? काच लागली, धंद्यात चालायचंच... नाही, खोटं कशाला बोलू आता. काचेनं कापलं की सरळ कापतं. हे वाकडं आहे. तुमचे दात आहेत हे. पहिली खुर्ची कुणा पोरानं तुमच्या डोक्यात घातली, एक आजी चपलेनं मारत होत्या, मारता मारता ‘माझा बाबा गं’ म्हणत होत्या — आणि मी तुमची कॉलर धरली आणि देत राहिलो. किती? नाही मोजले. कटकन आवाज आला तेव्हा बरं वाटलं मला. खरंच सांगतो, तो गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

पोलिसांना व्हिडिओत नुसती माझी पाठ दिसली. बायकोनं मात्र पाठीवरूनच ओळखलं. म्हणाली, हात उचलायची ही पद्धत मला पाठ आहे. म्हणजे — तसं नाही हो. रोज नाही. आणि बुधवारी आठ ते साडेआठ तर कध्धीच नाही! मुलगी एरवी आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही, पण बुधवारी मांडीवर येऊन बसायची, माझ्या मांडीवर. तुम्ही त्याला मारायचात आणि तेवढा वेळ आमच्या घरात कुणी मार खायचं नाही. सहा दिवस मी तेवढ्यासाठी काढायचो. आता बुधवारी काय करायचं आम्ही, सांगा ना?

तर दोघी भावाकडे गेल्यात तिच्या. म्हणते, ज्यांना मारलंत त्यांच्याकडून माफीचं लिहून आणा, मग बघते. म्हणून तर वहिनी औषधाला बाहेर पडल्या तसा वर आलो. बघा, काच कशी बसली! हिरकणीच्या कटरनं एका रेघेत कापलीय. पुट्टी दोन दिवसांत वाळेल. आता एवढं लिहा. फार नको, ‘माफ केलं’, खाली सही. पेन धरा. धरा म्हणतो ना! ...सॉरी. आवाज चढला. बोटं दुखतात का? सावकाश लिहा, मी आहे.

हां. द्या इकडे. ‘तिला परत आणू नका.’

हे काय? हे काय लिहिलंत? माझी बायको, माझी मुलगी, तुम्ही कोण सांगणारे? सिरियलमधला मालक तू, माझ्या घराचा नाहीस! खोडून टाक. खोडतोस की —

गेली. आत्ताच बसवलेली. हलू नका, तुमच्या मांडीवर तुकडे आहेत, मी वेचतो. रक्त माझंच आहे, तुम्हाला काही लागलेलं नाही. बघा ना नीट, गालाला, कपाळाला, कुठं ओरखडा तरी आहे का? तुम्ही समोर होतात, हाताच्या अंतरावर, आणि मी काचेवर मारलं. मालक, तुमच्यावर नाही मारलं मी. एवढं तरी लिहा. आज ह्यानं मला मारलं नाही, एवढंच लिहा, तेवढं दाखवतो तिला — वही कशाला मिटताय? मालक —