एकवीस तारीख

कर्नल : प्रश्न बदलता येणार नाही, वहिनी. बोलणी करायला जाणारा प्रत्येक अधिकारी हा फॉर्म आधीच भरून ठेवतो. एक प्रश्न, एक उत्तर. बंडखोरांनी त्यालाच धरलं आणि त्यानं उत्तर बरोबर दिलं, तर बोलणी चालू ठेवायची. मुद्दाम चुकवलं, तर बोलण्यात राम नाही, दवाखान्यात घुसा. ही त्याची आणि आमची खूण.

बायको : आणि आतल्या सात नर्स?

कर्नल : त्यांना सोडवायलाच तर मेजर बिनहत्यारी आत गेला.

बायको : साहेब, तो फॉर्म ह्यांनी भरलेला नाही. मी भरलाय. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, हे न वाचता सही ठोकतात. लग्नाची तारीख मी लिहिली.

कर्नल : मग काय झालं? लग्न त्याचंही आहेच की. घ्या, आला फोन. दोनच मिनिटं. तुम्हीच विचारा.

मेजर : अगं, तू? तुला कशाला आणलं यांनी? जेवलीस का?

बायको : जेवले. तुम्ही?

मेजर : ही माणसं खातात त्यातलंच मलाही देतात. चांगली वागतात. विचार काय ते, फोन काढून घेतील.

बायको : आपल्या लग्नाची तारीख काय?

मेजर : हे काय विचारणं झालं? एकवीस.

बायको : अहो, नीट आठवा.

मेजर : एकवीस म्हणजे एकवीस. तू काळजी करू...

कर्नल : कापला. वहिनी, इथे एकोणीस लिहिलंय. तुम्ही बाहेर बसा. मला तुकडीला हुकूम द्यायचाय.

बायको : देऊ नका. ती खूण नव्हे. त्यांना खरंच एकवीस वाटतं.

कर्नल : असं कुठे असतं?

बायको : एकोणीसला सह्या झाल्या आणि तासाभरात तुमच्याच ऑफिसातून बोलावणं आलं. परतले एकवीसला. दारात बूट काढता काढता म्हणाले, आजपासून आपला संसार. तेव्हापासून दरवर्षी दोन दिवस उशिरा फुलं आणतात आणि मी फुगून बसते.

कर्नल : आणि एवढ्यावर मी थांबू? त्याच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?

बायको : तर जन्म मला काढायचाय, साहेब. मलाही वाटतं, आत्ता घुसावं आणि ह्यांना उचलून आणावं. पण ह्यांच्यासाठी त्या सात जणींतली एक जरी गेली, तर हे पुन्हा कधी धड जेवायचे नाहीत. मी ओळखते त्यांना.

कर्नल : इतकी खात्री आहे?

बायको : चौदा वर्षं चुकताहेत. आज बरोबर सांगितली असती, तर मीच म्हणाले असते, घुसा.

कर्नल : हॅलो. तुकडी जागेवरच थांबेल. हो, बोलणी चालू. जबाबदारी माझी... वहिनी, शेजारच्या खोलीत जरा पडा आता.

बायको : नको, इथेच बसते. पुढच्या फोनला माझा आवाज आला नाही, तर त्यांना वाटेल, मी रागावून घरी गेले.