घाटावरची पांढरी चुंगडी

पुरवणी जबाब
पोलीस स्टेशन पळसपार, जि. गोंदिया
दि. २७ मार्च २०२५, सकाळी ११.४० वाजता सुरू

माझे नाव सौ. ओमेश्वरी भुवनेश्वर टेंभरे, वय ३९ वर्षे, धंदा मॅचिंग सेंटर व पिको-फॉलचे दुकान, राहणार नीलसरोवर संकुल, ब इमारत, सदनिका क्रमांक २०४, तलाव रोड, पळसपार. मूळ गाव कामठा, ता. गोंदिया.

आज मी कोणी न बोलावता, एकटी ऑटोने पोलीस स्टेशनला आले असून समक्ष सांगते की, तलावातील मासोळ्या मेल्याच्या प्रकरणात मी दि. १९ मार्च रोजी येथे जबाब दिला होता. त्या जबाबात मी जे पाहिले ते सांगितले, पण जे ऐकले ते सांगितले नाही. शिवाय एक गोष्ट मी मनाने जोडली. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे.

मी, माझे पती भुवनेश्वर व मुलगी चंचल, वय १५, असे आम्ही तिघे मागील दसऱ्यापासून वरील सदनिकेत राहतो. पतीचे बसस्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचे दुकान आहे. संकुलाच्या पाण्याच्या मोटरी तेच दुरुस्त करतात. खालच्या मजल्यावर दुकान क्रमांक ११ माझे आहे. ते मी डिसेंबरमध्ये सुरू केले.

आम्ही येण्यापूर्वी तलावाच्या या बाजूला बेशरमची झाडे व कचरा होता. बायामाणसे तिकडून जात नसत. आता तेथे चालण्याचा ट्रॅक, दिवे, बसायला बाके, चाट-भेळीचे ठेले व 'आय लव्ह पळसपार' अशी मोठी अक्षरे आहेत. संध्याकाळी गोंदियाहूनसुद्धा लोक गाड्या घेऊन फिरायला येतात. माझ्या बाल्कनीतून पूर्ण तलाव दिसतो. कामठ्याचे पाहुणे आले की मी त्यांना आधी बाल्कनीत नेते.

उदाराम वलथरे, वय अंदाजे ६५, हे मासेमार संस्थेचे अध्यक्ष आहेत. तलावात मासे पाळण्याचा व धरण्याचा ठेका त्यांच्या संस्थेकडे आहे. संकुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी ते गेटसमोर पाटी धरून उभे होते. पाटीवर 'तलावाचे पाणी कोणाचे' एवढेच लिहिले होते. तेव्हापासून संकुलातील लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. ट्रॅकवरचा दिवा फुटला तरी त्यांचे नाव, कोणाच्या स्कूटीची हवा गेली तरी त्यांचे नाव. मीसुद्धा घेत होते. ते घाटावर आले की मी दुकानातून त्यांच्यावर नजर ठेवत असे. मला ते कोणी सांगितले नव्हते.

दि. १७ मार्च, सोमवार रोजी दुपारी ३ च्या सुमारास मी दुकानात होते. आमच्याकडील दुकाने दुपारी २ ते साडेचार बंद असतात. शटर अर्धे खाली ओढून मी अस्तराचे तागे लावत होते. तेव्हा उदाराम हे घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून एका पांढऱ्या चुंगडीतील, म्हणजे पोत्यातील, भुकटी पाण्यात टाकताना दिसले. माझ्या मागील जबाबात हे येथपर्यंत लिहिलेले आहे.

यापुढचे त्यात नाही. मी शटरखालून निघून घाटावर गेले व मोठ्या आवाजात विचारले, "काय टाकून राहिले तुम्ही पाण्यात?"

ते म्हणाले, "चुना आहे, बाई. पाहा, हात लावून पाहा."

मी हात लावला नाही. मी म्हणाले, "चुना कायले टाकता?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. पायऱ्यांजवळ बऱ्याच मासोळ्या तोंड वर काढून पाण्याच्या वरची हवा घेत होत्या. ते म्हणाले, "दोन दिसापासून अशा वर येऊन राहिल्या. पानी सडून राहिला. चुन्यानं थोडा साफ होते, म्हणून टाकून राहिलो. तुमच्या बिल्डिंगीतून कुठं पानी सुटते का तराव्यात? तुमी तिथं राहता, तुमाले मालूम असेल."

मी म्हणाले, "मले काय माहीत." आणि परत दुकानात आले. पाण्याला वास येत होता. तो वास मला त्याआधी दहाबारा दिवसांपासून दुकानाच्या मागच्या बाजूला येत होता. मी अगरबत्ती लावत होते.

दि. १८ मार्च रोजी सकाळी साडेसहाला खाली आरडाओरडा झाला. बाल्कनीतून पाहिले तर पूर्ण काठावर मेलेल्या मासोळ्यांचा पांढरा पट्टा दिसला. मी खाली गेले. तेथे साठसत्तर लोक होते. संकुलाचे साईट मॅनेजर टिंकू ऊर्फ प्रवीण चौरसिया हे म्हणत होते, "किसीने जहर डाला है. हमारे प्रोजेक्ट को बदनाम करने के लिए डाला है." मी तेव्हा सर्वांसमोर म्हणाले की, काल उदाराम पांढरी चुंगडी घेऊन आले होते, विषासारखे काहीतरी टाकत होते. 'विषासारखे' हा शब्द माझा आहे व मागील जबाबातही मी तो घातला. मला तो कोणी विचारला नव्हता.

त्याचवेळी उदाराम हे घाटाच्या दुसऱ्या टोकाला गुडघाभर पाण्यात उतरून टोपलीने मासोळ्या गोळा करत होते. लोक तिकडे धावले. त्यांना ओढून पायऱ्यांवर आणले. कोणी मारले ते गर्दीत दिसले नाही, तरी मारणारे सगळे आमच्याच संकुलातील होते. उदाराम यांनी एकदा माझ्याकडे पाहिले व ते मोठ्याने म्हणाले, "त्या बाईले विचारा. मी तिले सांगितलो." मला कोणी विचारले नाही. मीही बोलले नाही. त्यांचा उजवा हात मनगटाजवळ मोडला. त्यांना पोलिसांच्या गाडीतून गोंदियाच्या दवाखान्यात नेले.

दुसऱ्या दिवशी माझे पती मला मोटारसायकलवर येथे घेऊन आले व मी पहिला जबाब दिला. घरी परतताना पतीने विचारले, "वासाचं काही बोललीस का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी वासाबद्दलच का विचारले, हे मला तेव्हा सुचले नाही. ते दोन दिवसांनी भाकरी थापताना सुचले.

त्यानंतर टिंकू चौरसिया यांचे माझ्याशी वागणे बदलले. पूर्वी दुकानाचा बोर्ड बाहेर लावू द्या म्हणून मी त्यांच्यामागे तीन महिने फिरले होते. दि. २० रोजी त्यांनी स्वतः माणूस पाठवून बोर्ड कोपऱ्यावर, ट्रॅकवरून दिसेल असा लावून दिला. दि. २१ रोजी दुकानात येऊन बसले व म्हणाले, "भाभीजी, फिर से बुलाया तो जो बोला वही बोलना. ज्यादा सोचना मत." मला पुन्हा बोलावणार असे कोणी म्हटलेले नव्हते. मी पहिल्या वेळी काय बोलले, हे त्यांनी मला त्या एका बसण्यात तीन वेळा विचारले.

वास दुपारी वाढत असे, म्हणून दि. २२ मार्च, शनिवार रोजी दुपारी मी मुद्दाम शटर पूर्ण बंद करून आत थांबले. सव्वादोन वाजता मागच्या भिंतीतून घरघर ऐकू आली. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. आवाज ४ वाजून १० मिनिटांनी थांबला. दि. २३, २४ व २५ रोजीही असेच झाले. वेळा मी बॉबिनच्या खोक्यावर लिहून ठेवल्या. ते खोके आज सोबत आणून हजर केले आहे.

दि. २५ रोजी आवाज सुरू असताना मी मागच्या बाजूने गेले. तेथे एक लहान खोली आहे. दारावर 'सांडपाणी शुद्धीकरण केंद्र' अशी पाटी व कुलूप आहे. सदनिका दाखवताना ही खोली आम्हाला दाखवली होती व यातून निघालेले पाणी झाडांना जाते असे सांगितले होते. खोलीच्या जाळीतून पाहिले असता आतील मोठी यंत्रे बंद होती. त्यांच्यावरचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नव्हते. फक्त जमिनीवर ठेवलेली एक मोटर सुरू होती. तिचा जाड पाईप ट्रॅकच्या खालून तलावाकडे गेलेला आहे. मी ट्रॅक ओलांडून पलीकडे गेले. सजावटीच्या दगडांच्या मागे काळे पाणी उकळ्यांसारखे वर येत होते. ते पाणी कशाचे आहे, ते सांगण्याची गरज नाही. जानेवारीपासून संकुलातील जवळपास सगळे फ्लॅट भरले आहेत.

सदर मोटर मी ओळखली. माझे पती रिवायंडिंग केलेल्या प्रत्येक मोटरवर पांढऱ्या पेंटने 'भु.टे.' व तारीख लिहितात. त्या मोटरवर 'भु.टे. १२ फेब्रुवारी' लिहिलेले आहे. अक्षर पतीचे आहे. ते 'भु' ची शेपूट लांब काढतात.

त्याच संध्याकाळी चंचल शिकवणीला गेल्यावर मी पतीला विचारले, "मागच्या खोलीत मोटर तुमी लावली का?"

ते म्हणाले, "काऊन?"

मी म्हणाले, "मी पाहून आली."

ते बराच वेळ टीव्हीकडे पाहत होते. टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "टाकी भरून राहिली होती. प्लांट चालूच नाही झाला. टिंकू म्हणाला, आठ दिवसांसाठी लावून दे, मग मशीनवाले येतात. मी लावून दिली. आठ दिवसांचा दीड महिना झाला."

मी म्हणाले, "मासोऱ्या मेल्या तेव्हा तुमाले समजला होता?"

ते म्हणाले, "हो."

मी म्हणाले, "मी जबाब द्याले गेली तेव्हा?"

ते म्हणाले, "तूच म्हनत होतीस का उदारामनं टाकला. मले वाटला, तुले पक्का दिसला असंल." नंतर म्हणाले, "चंचलची माय, आपल्याले इथंच राहा लागते."

दि. २६ रोजी सकाळी १० वाजता मी तलावाच्या पलीकडे उदाराम यांच्या घरी गेले. उदाराम अजून गोंदियाच्या दवाखान्यात पोलीस पहाऱ्यात होते, त्यांची पत्नी देवकाबाई घरी होत्या. अंगणात जाळे वाळत टाकले होते, कोरडेच होते. त्या मला ओळखत होत्या. मला वाटले होते की शिव्या देतील. त्यांनी खुर्ची दिली व स्वतः दारात बसल्या. मी विचारले, "कसे आहेत?"

त्या म्हणाल्या, "हातात सळई टाकली. डॉक्टर म्हनते, मासोऱ्याचा जार फेकनं आता होनार नाही."

मी म्हणाले की, मला काही सांगायचे आहे. त्या म्हणाल्या, "मले कायले सांगतेस? मले मालूम आहे त्यानं काय टाकला. घरचीच चुंगडी होती, मीच भरून देली." पुढे म्हणाल्या, "तो पोलिसाईले रोज म्हनते, त्या बाईले मी सांगितलो हाय, ती येईल, ती सांगंल. मी त्याले म्हनते, नाही येत ते बिल्डिंगीवाले. तर मलेच रागावते."

हे ऐकल्यावर मी तेथून उठले. देवकाबाईंनी मला आज येथे येण्यास सांगितले नाही.

आज सकाळी मी पतीला सांगितले की, मी पोलीस स्टेशनला जात आहे व मोटरचेही सांगणार आहे. त्यांनी विचारले, "मोटर काढून आनू का?" मी म्हणाले, "राहू द्या. पोलिसाईले दिसू द्या." त्यांनी पान्हा पिशवीत ठेवला व ते दुकानात गेले. ती मोटर आज दुपारी दोनपर्यंत तेथेच असेल असे मला वाटते. खात्री देता येत नाही. मागील काही दिवसांपासून मी कोणाचीच खात्री देऊ शकत नाही, माझीसुद्धा. म्हणून पोलिसांनी लवकर पंच घेऊन जावे अशी माझी विनंती आहे. खोलीची किल्ली टिंकू चौरसिया यांच्याकडे असते.

विचारले असता सांगते की, पतीविरुद्ध बोलण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव टाकला नाही. आमच्यात पूर्वीपासून भांडण नाही. ते दारू पीत नाहीत. मुलीला ते स्वतः गणित शिकवतात. मोटर त्यांनी लावली, हेही खरे आहे.

विचारले असता पुढे सांगते की, संकुल सोडून जाण्याचा माझा विचार नाही. काल मी पलीकडच्या मोहल्ल्यात गेले हे बाल्कन्यांमधून दिसले असावे. आज सकाळी दूध घेऊन वर जाताना लिफ्टमध्ये तीन बाया होत्या. मी आत गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले व पहिल्याच मजल्यावर तिघीही उतरल्या. त्या चौथ्या मजल्यावर राहतात. मी उद्या दहा वाजता दुकान उघडणार आहे.

माझा हा जबाब लेखनिक हवालदारांनी संगणकावर टाईप करून मला मराठीत दोन वेळा वाचून दाखवला. पहिल्या वाचनात सर्व ठिकाणी 'उदाराम याने' असे होते. माझ्या सांगण्यावरून ते 'उदाराम यांनी' असे करण्यात आले. हवालदार म्हणाले की, संशयिताबद्दल असेच लिहिण्याची पद्धत आहे. मी म्हणाले, मी सांगते तसे लिहा. त्याप्रमाणे लिहिले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.