घरचा चेहरा

(न्यूयॉर्क, १९६०. कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीतली चित्रकारांची खोली. मी कव्हरं काढते. शेजारच्या टेबलावर पिनकस, चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहिणारे. माझ्या मांडीवर अकरा महिन्यांची रूथी.)

पिनकस : घरचा चेहरा कव्हरवर चढवू नकोस, असं तुला म्हटलं होतं मी. याच खुर्चीत बसून.

मी : म्हटलं होतंत. आणि मी हसले होते.

पिनकस : नुसती हसली नाहीस. म्हणालीस, "दहा सेंटचा कागद तो, मिस्टर पिनकस. महिन्याभरात त्यात मासे बांधतील."

मी : नाही बांधले. रूथी, खोडरबर तोंडात नाही. दे इकडे.

पिनकस : भावाचं काही कळलं?

मी : एमेटचं? ओहायोहून एक कार्ड आलं होतं, त्याला आता पाच आठवडे झाले. "इथले लोक बरे आहेत. टोपी घातली की मला ओळखत नाहीत." एवढंच.

पिनकस : टोपी घालतोय म्हणजे शहाणा आहे.

मी : चोवीस वर्षांचा आहे तो. भर उन्हाळ्यात तोंड लपवत का फिरावं त्यानं?

पिनकस : त्याला खोली सोडावी लागली ती त्या अंकामुळेच, हे कशावरून?

मी : घरमालकिणीनं कव्हर फाडून त्याच्या दारावर चिकटवलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं, "हाच." वाचनालयात तो शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा, तिथे दोन आयांनी तक्रार केली. दुसऱ्या शनिवारी त्याची खुर्चीच उचलून ठेवलेली.

पिनकस : आयाही कमालच करतात.

मी : त्यांना नका बोलू. कव्हरवर काय होतं? दाढी, काळा स्वेटर, काखेत बोंगोची ढोलकी, आणि एका मुलीचं मनगट धरून तिला तळघरात ओढतोय. दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर मीही रूथीला त्याच्यापासून लांब घेतलं असतं.

पिनकस : चित्र चांगलं होतं, तेच तर वाईट झालं.

मी : माझ्या स्वयंपाकघरात उभा केला होता मी त्याला. रूथी तेव्हा चार महिन्यांची. दात लवकर येत होते, कुणाकडे राहीना. त्याच्याकडे राहिली. तिचा हात धरून तो तिला हलवत होता, आणि मी म्हटलं, हां, असाच थांब. मग कागदावरची रूथी पुसली आणि तिथे मुलगी काढली.

पिनकस : हे मला ठाऊक नव्हतं.

मी : छापण्याआधी कव्हर तपासून पास करणाऱ्यांनी मुलीच्या झग्याचा गळा दोन बोटं वर घ्यायला लावला. त्याच्या हातातला सुरा काढायला लावला. चेहरा कुणाचा, हे त्यांच्या नियमांत येत नाही.

पिनकस : संपादक येतायत, डॉब्रिन. पोरीला टेबलाखाली ठेव.

मी : नाही ठेवत. खाली टाचण्या पडलेल्या असतात.

डॉब्रिन : हॅरिएट, बातमी चांगली आहे. दाढीवाला चालला. न खपता परत आलेले गठ्ठे निम्म्यावर. पुढच्या अंकावर तोच घे, मोटारसायकलवर. मागे तीन चामडी जॅकेटवाले, साखळ्या फिरवतायत.

मी : तो बीटनिक आहे, मिस्टर डॉब्रिन, कविता नि बोंगोवाला. जॅकेटवाल्यांचं आणि त्यांचं पटत नाही. जॅकेटवाले बीटनिकांना धरून मारतात.

डॉब्रिन : संपादक कोण, तू की मी? दाढी, चामडं, बोंगो, सगळं एकाच पोत्यात घाल. आईबापांना ज्याची धास्ती वाटते तेच पोरं विकत घेतात. तू आई आहेस, तुला काय सांगायचं.

मी : मला कसली धास्ती वाटते, सांगू? कुठल्याशा गावात एक मुलगा बसची वाट बघत उभा असेल, आणि समोरच्या बाकावर हा अंक वाचत कुणाचा तरी बाप बसलेला असेल.

डॉब्रिन : यात कव्हर नाही.

मी : नाहीच. म्हणून तो चेहरा मी परत काढणार नाही.

डॉब्रिन : तो चेहरा कंपनीचा आहे. चेकच्या मागे छापलेल्या अटीखाली सही केलीस तेव्हाच झाला.

मी : चित्र कंपनीचं. चेहरा आमच्या आईनं दिलाय त्याला.

डॉब्रिन : तू नाहीस तर दुसरा काढेल. जुना अंक समोर ठेवून उतरवायला अक्कल लागत नाही.

मी : आणि उतरवल्यासारखाच दिसेल. खरं माणूस समोर असल्याशिवाय कव्हरला जीव येत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

डॉब्रिन : मग आण की त्याला.

मी : मी आहे ना.

डॉब्रिन : तू काय आहेस?

मी : टोळीची म्होरकी. बाई. कापलेले केस, काळा स्वेटर, मोटारसायकलवर सगळ्यांत पुढे. चेहरा माझा. आरसा समोर ठेवते नि काढते. शुक्रवारी देते.

डॉब्रिन : शेजारीपाजारी ओळखतील.

मी : ओळखू देत.

डॉब्रिन : नवरा?

मी : म्हणेल, केस नको होतेस कापायला.

डॉब्रिन : हं. बाई म्होरकी. चालेल. जास्तच चालेल. फक्त कडेवर ते पोर नको.

मी : पोर कधीच नसतं, मिस्टर डॉब्रिन. पोर पुसलेलं असतं.

डॉब्रिन : काय म्हणालीस? असू दे. पिनकस, मजकुराची दोन पानं कुठायत? अंकात नुसती चित्रं दिसली तर टपालखातं मासिकांचा स्वस्त दर काढून घेईल. काहीही भरा. कुणी वाचत नाही.

पिनकस : कुणीच नाही, साहेब. बावीस वर्षं मी भरतोय, मीसुद्धा वाचत नाही.

मी : गेले?

पिनकस : गेले. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, पोरी. आणि पेन्सिल उलटी धरलीयस.

मी : रूथीनं ओढली.

पिनकस : रूथी केव्हाची झोपलीय.

मी : त्या दोन पानांत या वेळी काय आहे?

पिनकस : अस्वलाची गोष्ट. अस्वल मधासाठी झाडावर चढतं, पडतं. परत चढतं, परत पडतं. का?

मी : अर्धं पान मोकळं होईल?

पिनकस : चौदा महिन्यांनी मला पेन्शन आहे.

मी : माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

पिनकस : दोन लाख प्रती जातात याच्या.

मी : जिथे जिथे मी त्याला पोरी पळवणारा करून पाठवलं, तिथे तिथे जातात. बसथांबे, औषधांची दुकानं, न्हाव्याकडची बाकडी.

पिनकस : साहेबांनी सांगितलं ना, कुणी वाचत नाही.

मी : तापानं पडलेली मुलं वाचतात. बाकीचा अंक दोनदा झाला की तेवढंच उरतं. मी वाचायचे.

पिनकस : अस्वल एकदाच पडलं तरी चालेल. वाच, काय लिहिलंयस ते. हळू वाच, अक्षरं मोजायची आहेत मला.

मी : "वाचकहो, मागे एका कव्हरवर तुम्ही दाढीवाला माणूस पाहिलात. तो मी काढला. त्याच्या हातात खरं तर माझं बाळ होतं. बाळाला दात येत होते आणि तो त्याला शांत करत होता. त्या माणसाचं नाव एमेट."

पिनकस : आडनाव नको.

मी : नाही घातलं. "तो बहुधा पश्चिमेकडे चाललाय. डाव्या भुवईत व्रण आहे. बोलताना पुस्तकाचं पान उलटावं तशी बोटं हलवतो. असा कुणी तुमच्या गावात दिसला तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. अनोळखी माणसाजवळ एकट्यानं जायचं नसतं."

पिनकस : ज्याच्यासाठी लिहितेस, त्याच्यापासूनच जपायला सांगतेस?

मी : मुलं वाचणार आहेत ते. राहू दे तसंच.

पिनकस : राहू दे. पुढे?

मी : "जवळ जा. जेवलास का, म्हणून विचारा. आणि म्हणा, ओळखलं तुला, टोपी काढ."