रकानेबाई आणि आमचं ‘वरीलप्रमाणे’

आदरणीय अध्यक्ष, मंचावरील संचालक महोदय, जिला निरोप देणं जड जातंय ती आजची उत्सवमूर्ती म्हणजे आमच्या मॅडम, पाचही प्रयोगशाळांतले सहकारी आणि आप्तजनहो, नमस्कार. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिलीत. त्यातलं एक इथेच संपलं!

मॅडमना आम्ही पाठीमागे ‘रकानेबाई’ म्हणायचो. मॅडम, हसू नका, तुम्हाला ठाऊक होतंच. पाच प्रयोगशाळांच्या पाच तऱ्हा. एकमेकांना माहिती पाठवायची तर सगळ्यांचा तक्ता एक हवा, शब्द एक हवेत, हा त्यांचा ध्यास. आणि त्याला सगळ्यात जास्त आडवं कोण गेलं? अस्मादिक! आमची जुनी रीत अशी, की निकाल आधीच्या रुग्णासारखाच आला की ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळं व्हायचं. मॅडम म्हणायच्या, “अहो, प्रत्येक ओळीत पूर्ण निकाल लिहा. उद्या कुणी ओळी हलवल्या तर?”

“कोण कशाला हलवतंय?” इति मी.

हलवल्या ना! रुग्णालयाने आमचा तक्ता वयानुसार लावला आणि प्रत्येकाच्या वरचा माणूसच बदलला.

त्या यादीत माझी थोरली बहीण होती. तक्त्यात नावं नसतात, नुसते क्रमांक, त्यामुळे मला पत्ताच नाही. तिच्या कॅन्सरच्या गाठीत जनुकांचा एक ठरावीक बदल सापडला तरच नवं औषध मिळणार होतं. रुग्णालय म्हणालं, बदल नाही. मीच तिला शहाणपणा शिकवला, “अक्का, रिपोर्टपुढे कुणाचं काय चालणार?”

पाच तक्ते जुळवताना मॅडमना शंका आली. त्या तडक आमच्याकडे आल्या, मूळ वही मागितली आणि चहालाही न उठता ओळ न्‌ ओळ तपासली. चौदा निकाल उलटे निघाले. त्यातला एक क्रमांक अक्काच्या कागदावरचा होता. मॅडम मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. प्रत्येक ओळीत पूर्ण निकाल असलेला नवा तक्ता पुढे सरकवला, मी सही केली.

औषध लागू पडलं. आज अक्का हट्टाने इथे आलीय, मॅडमना भेटायला. चूक मॅडमनी पकडली, एवढंच तिला माहीत आहे.

मॅडम, मनापासून आभार. श्रोतेहो, तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि अक्का, तुझ्या ओळीतलं ‘वरीलप्रमाणे’ माझ्या हातचं होतं. तीन वर्षं तुला सांगायचं धाडस झालं नाही. मला माफ कर.